टेलेथॉन (दूरचित्रवाणीवरील मदतनिधी-प्रक्षेपण)

सार्वजनिक किंवा धर्मादाय कार्यासाठी निधी जमविण्याच्या हेतूने दूरचित्रवाणीवरून कित्येक तास सलग दाखविल्या जाणाऱ्या कार्यक्रमास ‘टेलेथॉन’ म्हणतात. ‘टेलिव्हिजन’ व ‘मॅराथॉन’ (लांब पल्ल्याची धाव) या दोन शब्दांच्या संयोगातून ही संज्ञा अमेरिकेत रूढ झाली. अशा प्रक्षेपणाची लांबी सामान्यतः सहा तासांपासून तीस तासांपर्यंत असते. गाणी, नकला, मुलाखती आणि नामवंत कलावंतांची हजेरी यांच्या अधूनमधून प्रेक्षकांना दान देण्याचे आवाहन केले जाते. पूर्वी यासाठी चित्रीकरणगृहात दूरध्वनी घेऊन बसलेल्या स्वयंसेवकांची रांग असे. प्रेक्षकाने दूरध्वनीवरून रक्कम सांगावयाची, ती नोंदली जावयाची आणि मागील मोठ्या फलकावरील आकडा चढावयाचा, अशी ही पद्धती होती. फलकावरचा आकडा हा वचनांचा असतो. प्रत्यक्ष जमा होणारी रक्कम त्याहून कमी भरते, हे आयोजकांना प्रारंभापासून ठाऊक होते. कार्यक्रम लांबविण्यामागे दोन हेतू दिसतात. निरनिराळ्या वेळी दूरचित्रवाणीसंच लावणारे प्रेक्षक त्यामुळे आवाहनाच्या टप्प्यात येतात. शिवाय रात्रभर न झोपता उभ्या असलेल्या सूत्रसंचालकाचा थकवा पाहून प्रेक्षकाला आपणही काही केले पाहिजे असे वाटू लागते. हा दुसरा परिणाम अधिक प्रभावी असून आपल्याकडील जागर, नामसप्ताह अथवा उपोषण यांच्या परिणामाशी त्याचे नाते जोडता येईल.

या प्रकाराचा आरंभ ९ एप्रिल १९४९ रोजी झाला, असे मानतात. त्या दिवशी अमेरिकन विनोदी नट मिल्टन बर्ल याने डेमन रन्यन कर्करोग निधीसाठी एनबीसी या प्रक्षेपणसंस्थेवरून सु. १६ तासांचा कार्यक्रम सादर केला आणि सु. ११ लाख डॉलर जमविले. त्या काळी अमेरिकेतही दूरचित्रवाणीसंच असलेली घरे थोडी होती, हे लक्षात घेता ही रक्कम फार मोठी म्हणावी लागेल. १९५० नंतरच्या दशकात मेंदूचा पक्षाघात झालेल्या मुलांसाठी आणि अन्य रोगांच्या निवारणासाठी असे कार्यक्रम वरचेवर होऊ लागले. त्यांपैकी सर्वाधिक काळ चाललेला व सर्वाधिक प्रसिद्धी पावलेला कार्यक्रम जेरी लुइस या विनोदी नटाचा होय. स्नायुक्षय या आनुवंशिक विकाराने ग्रस्त असलेल्यांसाठी काम करणाऱ्या संघटनेकरिता तो १९६६ पासून २०१० पर्यंत दरवर्षी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या कामगारदिनाच्या सुटीत साडेएकवीस तासांपर्यंत प्रक्षेपण करीत असे. या काळात २ अब्ज डॉलरहून अधिक निधी जमला. लुइस दूर झाल्यानंतर कार्यक्रमाची लांबी वर्षागणिक घटत गेली आणि २०१४ नंतर तो बंद झाला.

ज्यांच्यासाठी ही मदत गोळा केली जात होती, त्यांच्यातूनच या कार्यक्रमावर सर्वांत परखड टीका झाली, ही गोष्ट महत्त्वाची आहे. इव्हान केम्प या चाकाच्या खुर्चीवरून वावरणाऱ्या वकिलाने १९८१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स या दैनिकात लेख लिहून लुइसच्या कार्यक्रमावर आक्षेप घेतला. अपंगांना असहाय व करुणास्पद बालके म्हणून दाखविल्याने पैसा जमतो. परंतु त्याच चित्रामुळे अपंग प्रौढाला नोकरी देताना, घर भाड्याने देताना वा त्याच्याशी बरोबरीने बोलताना समाज कचरतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. पुढे १९९० व १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये ‘आयटीव्ही’ वाहिनीच्या टेलेथॉनविरुद्ध अपंगांनी लंडनमध्ये प्रक्षेपणस्थळाबाहेर निदर्शने केली. दया नको, हक्क हवेत, ही त्यांची मागणी होती. १९९२ नंतर तो कार्यक्रम पुन्हा झाला नाही.

इतर देशांतही ही प्रथा रुजली. चिलीमध्ये डिसेंबर १९७८ मध्ये मारियो क्रॉय्त्सबेर्गर (लोकप्रिय नाव ‘दोन फ्रान्सिस्को’) याने अपंग मुलांच्या पुनर्वसनकेंद्रांसाठी २७ तासांचा ‘तेलेतोन’ सादर केला. ठरविलेल्या लक्ष्याच्या दुपटीहून अधिक रक्कम त्यातून जमली आणि लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांनी त्याचे अनुकरण केले. जपानमध्येही १९७८ पासून दर उन्हाळ्यात २४ तासांचे प्रक्षेपण होत आले आहे. त्याच्याशी संलग्न असलेल्या एका प्रादेशिक केंद्रातील अधिकाऱ्याने दानाची रक्कम हडप केल्याचे २०२३ मध्ये उघडकीस आल्याने मात्र तेथे बराच क्षोभ झाला. फ्रान्समधील ‘तेलेतों’ (१९८७ पासून) विशेष उल्लेखनीय आहे. कारण रुग्णांच्या पालकांनी चालविलेल्या संघटनेने त्या निधीतून १९९० मध्ये ‘जेनेतों’ ही संशोधनशाळा उभारली आणि मानवी जनुकसंचाचे आरंभीचे नकाशे तेथे तयार झाले. इथिओपियातील दुष्काळासाठी १३ जुलै १९८५ रोजी लंडन व फिलाडेल्फिया येथून झालेले ‘लाइव्ह एड’ हे सु. १६ तासांचे संगीतप्रक्षेपणही याच प्रकारात मोडते.

महाराष्ट्रापुरता विचार करावयाचा, तर या प्रकाराचा संबंध मुंबईच्या चित्रीकरणगृहांशी जितका येतो, तितकाच तो राज्याच्या पूर्व टोकाकडील चंद्रपूर–गडचिरोली या वनप्रदेशाशीही येतो. चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मूल हे तालुक्याचे गाव या दृष्टीने मध्यवर्ती ठरते. भातशेती, भातगिरण्या आणि सभोवतालचे मिश्र पानझडी जंगल ही या तालुक्याची ओळख होय. येथे सार्वजनिक कार्यासाठी पैसा उभा करण्याच्या दोन परंपरा दूरचित्रवाणीच्या आधीपासून चालत आल्या आहेत आणि पुढील घडामोडी समजण्यास त्यांचा उपयोग होतो.

पहिली परंपरा झाडीपट्टी रंगभूमीची. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या वनव्याप्त भागास झाडीपट्टी म्हणतात. सुगी आटोपत आली की दिवाळीनंतर गावोगावी शंकरपट व मंडई भरतात आणि त्यानिमित्त रात्री नाटक होते. प्रयोग रात्री नऊ-दहाच्या सुमारास सुरू होतो आणि पहाटे संपतो. गावातील मंडळ नाटक ठरविते, मंडप घालते, तिकिटे विकते आणि तोटा आल्यास तोही सोसते. खर्च वजा जाता काही उरलेच, तर ते देवळाच्या, शाळेच्या किंवा गावाच्या अन्य कामास लावण्याचा प्रघात आहे. वडसा (देसाईगंज) हे या नाट्यव्यवसायाचे केंद्र होय. या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला. रात्रभराचा खेळ, त्यासाठी आलेला समुदाय आणि त्यातून गावाला होणारी प्राप्ती ही टेलेथॉनची तिन्ही अंगे येथे पूर्वीपासून आहेत. भेद इतकाच, की देणारा, घेणारा आणि हिशेब विचारणारा ही तिन्ही माणसे एकाच मंडपात बसलेली असतात.

दुसरी परंपरा बाबा आमटे यांच्या कार्याची. वरोड्याजवळील आनंदवनाची (१९५१) सुरुवात सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये एवढ्यावर झाली, हे सर्वश्रुत आहे. मूल तालुक्यातील सोमनाथ येथे त्यांनी १९६७ मध्ये शेतीप्रकल्प सुरू केला व तेथे तरुणांची श्रमसंस्कार शिबिरे भरू लागली. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला. रोग्याचे व्यंग दाखवून पैसे मागावयाचे नाहीत, त्याच्या हाताने तयार झालेली वस्तू, धान्य व इमारत दाखवावयाची, हे या संस्थांचे धोरण राहिले. दान माणसाला नादान बनविते, ही बाबांची भूमिका महाराष्ट्रात परिचित आहे. अमेरिकेतील अपंगांनी टेलेथॉनवर घेतलेला आक्षेप आणि ही भूमिका यांत मूलतः फारसे अंतर नाही. [⟶ आमटे, बाबा].

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. असे असूनही पुढील तीन दशके आपल्याकडे टेलेथॉन झाला नाही. त्याची कारणे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. प्रक्षेपण शासनाच्या हाती होते आणि आपत्तीच्या वेळी आकाशवाणी व दूरदर्शन यांवरून पंतप्रधान वा मुख्यमंत्री मदतनिधीसाठी आवाहन करणे पुरेसे समजले जाई. शिवाय दूरध्वनी हे टेलेथॉनचे मुख्य साधनच दुर्मिळ होते. १९९१ मध्येही देशभरात मिळून सु. ५० लाख दूरध्वनी होते. मुंबई-पुण्यात मदतफेरी, चॅरिटी शो व वृत्तपत्रांचे निधी यांनी ती जागा भरून काढली. १९९३ मधील किल्लारीच्या भूकंपानंतर वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत साचलेली मदत हा त्याचा मोठा पुरावा होय. खाजगी उपग्रहवाहिन्या (१९९१ नंतर) व भ्रमणध्वनी यांचा प्रसार झाल्यावर मात्र परिस्थिती पालटली. हिंदी महासागरातील त्सुनामीनंतर २००५ च्या प्रारंभी मुंबईत चित्रपटव्यावसायिकांनी ‘हेल्प’ हा मदत-कार्यक्रम केला आणि त्याला उघडपणे टेलेथॉन हे नाव दिले. २००९ मध्ये एनडीटीव्ही या वाहिनीने ‘ग्रीनॅथॉन’ हे २४ तासांचे पर्यावरणविषयक प्रक्षेपण केले. वीज न पोहोचलेल्या खेड्यांना सौरकंदील पुरविण्याच्या योजनेसाठी त्यातून निधी उभारला गेला. शाळांतील पाणी व स्वच्छतागृहांसाठीच्या मोहिमेत (२०११ पासून) सचिन तेंडुलकर यांचा, तर स्वच्छतेविषयीच्या मोहिमेत (२०१४ पासून) अमिताभ बच्चन यांचा पुढाकार होता.

या भारतीय कार्यक्रमांचा एक विशेष नमूद केला पाहिजे. पाश्चात्त्य टेलेथॉनमध्ये सामान्य प्रेक्षकाचे पाच-दहा डॉलर हा निधीचा कणा असे. आपल्याकडे पडद्यावर धनादेश सुपूर्द करणाऱ्या कंपन्यांचे प्रतिनिधी अधिक ठळकपणे दिसले. कार्यक्रमाच्या नावाआधी पुरस्कर्त्या कंपनीचे नाव लावण्याची प्रथाही पडली. नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कार्यावर खर्च करण्याचे बंधन मोठ्या कंपन्यांवर घालणारी, २०१३ च्या कंपनी कायद्यातील तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अंमलात आल्यानंतर हा कल अधिकच दृढ झाला. यात अनुचित काही नाही. मात्र अशा कार्यक्रमास लोकवर्गणी म्हणणे कठीण आहे.

चंद्रपूर जिल्ह्याशी थेट संबंध आला तो ‘सेव्ह अवर टायगर्स’ (वाघ वाचवा) या मोहिमेमुळे. २००६ च्या गणनेत देशात अवघे १,४११ वाघ असल्याचे २००८ मध्ये जाहीर झाले. हा आकडा हाताशी धरून एअरसेल ही दूरध्वनी कंपनी व वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर-इंडिया यांनी २०१० मध्ये जाहिरातींची मोहीम सुरू केली. आईची वाट पाहणारा बछडा आणि ‘फक्त १,४११ उरले’ हे शब्द त्या काळी सर्वत्र दिसत होते. पुढे एनडीटीव्ही त्यात सहभागी झाली व अमिताभ बच्चन यांच्या पुढाकाराने १२ तासांचे थेट प्रक्षेपण झाले. वनरक्षकांना साधने पुरविणे व व्याघ्रक्षेत्रांचे संरक्षण बळकट करणे हा निधीचा जाहीर हेतू होता.

महाराष्ट्रात वाघांचे सर्वांत महत्त्वाचे आश्रयस्थान ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प हे होय. ताडोबा हे १९५५ मध्ये स्थापन झालेले राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान; अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये झाले व दोहोंचा मिळून व्याघ्र प्रकल्प १९९५ मध्ये अस्तित्वात आला. त्याचे गाभाक्षेत्र सु. ६२५ चौ. किमी. असून २०१० मध्ये त्याभोवती सु. १,१०० चौ. किमी. चे बफर क्षेत्र घोषित झाले. मूल हे या बफर क्षेत्रातील एका वनपरिक्षेत्राचे नाव आहे. गाभाक्षेत्रातून हलविलेल्या गावांपैकी बोटेझरी व कोळसा येथील काही कुटुंबे मूल तालुक्यात भगवानपूर येथे वसविण्यात आली. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबास द्यावयाची रक्कम केंद्रशासनाने २००८ मध्ये १ लाखावरून १० लाख रुपयांवर नेली होती. ज्या शहरी प्रेक्षकाच्या मनात बछड्याचे चित्र ठसले होते, त्याला या कुटुंबांची माहिती असण्याचे कारण नव्हते.

वाघांची संख्या त्यानंतर वाढली. देशातील आकडा २०१० मध्ये १,७०६, २०१४ मध्ये २,२२६, २०१८ मध्ये २,९६७ असा चढत गेला व २०२२ च्या गणनेनुसार तो किमान ३,१६७ झाला. महाराष्ट्रात २००६ मध्ये १०३ वाघ होते. २०२२ मध्ये ते ४४४ झाले. या वाढीचे श्रेय दूरचित्रवाणीवरील मोहिमेला देता येणार नाही. संरक्षित क्षेत्रांचा विस्तार, चोरट्या शिकारीवरील नियंत्रण, गावांचे स्थलांतर व वनखात्याची नित्याची गस्त ही त्याची खरी कारणे होत. प्रक्षेपणाने वाघाविषयी अनुकूल लोकमत तयार केले, एवढे म्हणता येईल आणि तेही कमी नाही. पुरस्कर्ती एअरसेल कंपनी मात्र २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

वाढलेले वाघ प्रकल्पाच्या सीमेत राहिले नाहीत. मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी या तालुक्यांच्या शेतशिवारांत त्यांचा वावर सुरू झाला आणि वैनगंगा ओलांडून ते गडचिरोली जिल्ह्यातही स्थिरावले. येथील माणसाचे जंगलाशी असलेले नाते हंगामी व निकडीचे आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या अंधारात मोहफुले वेचावी लागतात. मे महिन्यात तेंदूपाने तोडावी लागतात. पावसाळ्यात जनावरे चारावयास न्यावी लागतात. या कामांत माणूस बराच वेळ वाकलेला वा बसलेला असतो आणि नेमक्या अशा स्थितीत वाघाचे हल्ले होतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू पावल्या. बळी पडणाऱ्यांत भूमिहीन व अल्पभूधारक यांचा भरणा अधिक असतो. राज्यशासन मृताच्या वारसांना अर्थसाहाय्य देते. ही रक्कम टप्प्याटप्प्याने वाढून २०२३ मध्ये २५ लाख रुपये झाली. बफर क्षेत्रातील गावांसाठी २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना राबविण्यात आली. लाकूडफाट्यासाठी जंगलात जाण्याची गरज कमी व्हावी म्हणून स्वयंपाकाचा गॅस पुरविणे हा तिचा एक भाग आहे. अमिताभ बच्चन यांनी महाराष्ट्राचे व्याघ्रदूत होण्याचे मान्य केले तेही २०१५ मध्येच. त्यांना पाचारण करणारे तत्कालीन वनमंत्री सुधीर मुनगंटीवार हे ज्या बल्लारपूर मतदारसंघातून निवडून आले होते, त्यात मूलचा समावेश होतो, हा योगायोग लक्षणीय आहे.

टेलेथॉन या साधनाची मर्यादा मूलच्या उदाहरणातून जितकी स्पष्ट होते, तितकी ती परदेशी वादांतून होत नाही. अमेरिकेतील अपंगांची तक्रार आपल्याला पडद्यावर चुकीच्या रूपात आणले अशी होती. मूलच्या मोहफुले वेचणाऱ्या बाईला पडद्यावर स्थानच मिळाले नाही. बछडा देखणा, निष्पाप व दूरचा असल्याने त्याच्यासाठी पैसा मागणे सोपे जाते. त्याच बछड्याच्या शेजारी राहणाऱ्यांचा खर्च मात्र राज्याच्या अर्थसंकल्पातून, अर्ज, पंचनामा आणि प्रतीक्षा या मार्गाने भागवावा लागतो. वाघ हवा की माणूस, असा प्रश्न या भागातील जाणती माणसेही सहसा विचारीत नाहीत. वाघ राखण्याचा खर्च कोणी किती उचलावा, हा त्यांचा प्रश्न आहे आणि बारा तासांच्या प्रक्षेपणात त्याला वेळ मिळालेला नव्हता.

पुढील काळात दीर्घ प्रक्षेपणाची जागा अन्य प्रकारांनी घेतली. ‘सत्यमेव जयते’ या मालिकेत (२०१२) प्रत्येक भागाच्या शेवटी एका संस्थेसाठी लघुसंदेशाद्वारे दान मागितले जाई. प्रेक्षकाचा वाटा एका संदेशामागे केवळ एक रुपयाचा असे. ‘कौन बनेगा करोडपती’ या प्रश्नमंजूषेत सामाजिक कार्यकर्त्यांसाठी विशेष भाग राखून ठेवण्यात आले. सप्टेंबर २०१८ मध्ये हेमलकसा येथील डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे त्यात सहभागी झाले आणि त्यांनी २५ लाख रुपये जिंकले. येथे पैसा दयेने मिळाला नाही, प्रश्नांची उत्तरे देऊन मिळाला. लोकबिरादरी प्रकल्पाचे कार्य त्या एका रात्रीत देशभर पोहोचले, याचे मोल रकमेहून अधिक असावे. आनंदवनाने तर २००२ मध्ये ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंदच काढला. डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या वाद्यवृंदात रोगमुक्त कुष्ठरुग्ण, अंध, मूकबधिर व अस्थिव्यंग असलेले कलावंत गातात, वाजवितात व नाचतात. श्रोता तिकीट काढून येतो आणि कलेचा मोबदला देतो. केम्प यांनी ज्या गोष्टीवर बोट ठेवले होते, तिचे उत्तर वरोड्याच्या या मंचावर मिळाले, असे म्हणण्यास हरकत नाही.

करोना महासाथीच्या काळात ३ मे २०२० रोजी झालेला ‘आय फॉर इंडिया’ हा भारतीय कलावंतांचा मदत-कार्यक्रम दूरचित्रवाणीऐवजी फेसबुक या माध्यमावरून थेट प्रसारित झाला. कलावंत आपापल्या घरांतून गायिले व बोलले, त्यातून सु. ५२ कोटी रुपये जमल्याचे आयोजकांनी जाहीर केले. [⟶ दूरचित्रवाणी, व्याघ्र प्रकल्प].